रक्त न सांडणारी इजा: ब्रिजटाउनपासून धाराशिवच्या मैदानापर्यंत

१/ कबड्डीच्या चढाईत पकडीखाली सापडलेल्या गड्याचे डोके जमिनीवर आपटते. तो क्षणभर पडून राहतो, मग उठतो, माती झटकतो आणि "काही नाही झालं" असे म्हणून पुन्हा जागेवर जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. महाराष्ट्राच्या मैदानांवर हे दृश्य पिढ्यान् पिढ्या कौतुकाचे मानले गेले. क्रीडावैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यातील सर्वांत कमी भरवशाची गोष्ट म्हणजे त्या गड्याचे ते वाक्य. स्वतःची अवस्था ज्या अवयवाने ओळखायची, इजा त्यालाच झालेली असते. वैद्यकाला हे कधी उमगले आणि मैदानाला ते पटायला इतका काळ का लागला, त्याचा हा इतिहास.

२/ प्रथम शब्द. या इजेला इंग्रजीत कन्कशन म्हणतात आणि क्रिकेटमुळे तो शब्द मराठी वृत्तपत्रांतही रुळला आहे. मराठीत तिला 'मेंदूचा हादरा' म्हणता येईल. इजेला रूढ नाव नसले, तरी तिची लक्षणे मराठीने केव्हाच टिपली आहेत: डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधारी येणे, भोवळ येणे, झीट येणे, डोके सुन्न होणे. हे सारे शब्दप्रयोग अनुभवातून आलेले आहेत. परंतु बोलताना त्यांचा उपयोग बहुधा गमतीने होतो, आणि मैदानावरही लक्षणे गमतीवारीच जातात.

३/ कवटीच्या आत मेंदू एका द्रवात तरंगत असतो. डोके आदळते किंवा गर्रकन फिरते तेव्हा कवटी थांबते, पण आतील मेंदू क्षणभर हलत राहतो. घट्ट झाकणाच्या डब्यात दही भरून तो जोराने हिसडला, तर डब्याला पोचाही येत नाही, पण दही मोडते. मेंदूत असे काही 'मोडलेले' डोळ्यांना दिसत नाही. मज्जापेशींतील क्षारांचा तोल बिघडतो आणि तो सावरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. म्हणून साध्या हादऱ्यानंतर काढलेले सीटी स्कॅन बहुतेक वेळा निर्दोष दिसते. बिघाड रचनेपेक्षा कार्यात असतो.

४/ डोक्याचा मार घातक असतो हे प्राचीनांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत शरीराची १०७ मर्मे सांगितली आहेत आणि त्यांपैकी ३७ मानेपासून वरच्या भागात आहेत. कानशिलाजवळचे 'शंख' आणि टाळूवरचे 'अधिपती' यांची गणना तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत होते. रणांगण आणि अपघात पाहिलेल्या शल्यचिकित्सकांचे हे निरीक्षण होते. पण हे ज्ञान होते जीवघेण्या माराचे. माणूस मार खाऊन उठतो, चालतो, बोलतो आणि तरीही आतून ठीक नसतो, ही अवस्था निराळी.

५/ ही निराळी अवस्था वेगळी काढून मांडण्याचे श्रेय वैद्यकाचे इतिहासकार सहसा अल-राझी या इराणी वैद्याला देतात. इ. स. ९०० च्या सुमारास त्याने कवटी फुटून होणारी इजा आणि मेंदूच्या कार्यात येणारा तात्पुरता बिघाड यांत भेद केला. पुढे सुमारे इ. स. १३०० मध्ये लॅनफ्रँक या इटालियन शल्यवैद्याने कवटी न फुटताही मेंदू हादरू शकतो, आणि तो पुन्हा सावरूही शकतो, असे लिहिले. म्हणजे मूळ कल्पना हजार वर्षांहून जुनी आहे. तरीही खेळाच्या जगाला ती विसाव्या शतकापर्यंत गांभीर्याने घ्यावीशी वाटली नाही.

६/ १९२८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेले योद्धे अडखळत चालत, त्यांची जीभ जड होई, हालचाली मंद होत. प्रेक्षक त्यांना 'पंच ड्रंक' म्हणजे ठोशांनी झिंगलेले म्हणून हसत. मार्टलँड यांनी त्या हसण्यामागचा आजार दाखवला: वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूची कायमची हानी होऊ शकते. खेळाच्या संदर्भात या प्रश्नाची वैद्यकीय चर्चा ठळकपणे सुरू झाली ती येथून.

७/ भारतीय क्रीडारसिकांच्या स्मरणात डोक्याच्या इजेचा पहिला मोठा प्रसंग आहे मार्च १९६२ चा. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेला भारतीय संघ ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोसविरुद्ध खेळत होता. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर २ धावांवर असताना चार्ली ग्रिफिथ यांचा वेगवान चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या वर आदळला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, कारण क्रिकेटमध्ये तेव्हा ते कोणीच घालत नसे. त्याच डावात विजय मांजरेकर यांच्याही नाकावर चेंडू बसला आणि त्यांना मैदान सोडावे लागले.

८/ कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, ते सहा दिवस बेशुद्ध होते. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते; भारतीय संघातील पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते; पत्रकार के. एन. प्रभू होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली. ती साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली.

९/ कॉन्ट्रॅक्टर त्यातून उठले, प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले, पण कसोटी सामना त्यांना पुन्हा मिळाला नाही. संघाचे नेतृत्व २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे आले आणि ते तेव्हाचे सर्वांत तरुण कसोटी कर्णधार ठरले. या घटनेने भारताला एक गोष्ट शिकवली: चेंडूने कवटी फुटू शकते. ती इजा सर्वांना दिसली, तिला रक्त होते, शस्त्रक्रिया होती, रक्तदानाची हृद्य कथा होती. न दिसणाऱ्या इजेचा धडा मात्र अजून दूर होता.

१०/ दिसणाऱ्या इजेवर उपाय निघाला तो शिरस्त्राणाचा. योगायोग असा की कसोटी सामन्यात पूर्ण हेल्मेट घालून उतरणारे पहिले फलंदाज, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप, मार्च १९७८ मध्ये याच ब्रिजटाउनच्या मैदानावर खेळले. पुढे हेल्मेट सार्वत्रिक झाले आणि कवटी फुटण्याचा धोका पुष्कळ घटला. पण त्यातून एक गैरसमजही रुजला: हेल्मेट असले की डोके सुरक्षित. डब्यावर दुसरा डबा चढवला तरी आतले दही हिसडायचे थांबत नाही. हेल्मेट कवटी वाचवते; मेंदूचा हादरा ते पूर्णपणे टाळू शकत नाही.

११/ २० फेब्रुवारी १९९८. ढाक्यातील क्लब पातळीचा सामना. भारताकडून ४ कसोटी आणि ३२ एकदिवसीय सामने खेळलेले रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. षटकाचे तीनच चेंडू उरले आहेत म्हणून त्यांनी हेल्मेट घेतले नाही, असे सांगितले जाते. मेहराब हुसेन यांचा फटका त्यांच्या डोक्यावर आदळला. लांबा उठले आणि तंबूपर्यंत चालत गेले. थोड्या वेळाने प्रकृती ढासळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. खेळाडू स्वतःच्या पायांनी चालत गेला, याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही, हे यापेक्षा कठोरपणे कोणती घटना सांगणार?

१२/ जगात याच सुमारास विचार बदलत होता. २००१ मध्ये व्हिएन्नात खेळातील कन्कशनवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. नंतर प्राग, झुरिक, बर्लिन असे करत २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला सहावी परिषद भरली. या परिषदांतून दोन साधने घडली: एक डॉक्टरांसाठी तपासणीचा तक्ता, आणि दुसरे डॉक्टर नसलेल्यांसाठी, म्हणजे शिक्षक, पंच, पालक यांच्यासाठी, एका पानाचे ओळखपत्रक. दुसरे साधन इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाचे. हादरा ओळखणे हे केवळ तज्ज्ञाचे काम नाही, हे त्याने मान्य केले.

१३/ नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत मानेवर चेंडू लागून फिलिप ह्यूज यांचा मृत्यू झाला. ती इजा कन्कशनची नव्हती, पण त्या धक्क्याने क्रिकेटला डोके आणि मान यांच्या सर्वच इजांचा फेरविचार करावा लागला. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर लागला. तपासण्या पार करून ते पुन्हा फलंदाजीला आले, ९२ धावांवर बाद झाले. दुसऱ्या दिवशी मात्र लक्षणे उमटली आणि त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन उतरले. आज ठीक वाटणारा खेळाडू उद्या ठीक असेलच असे नाही, हे जगाने थेट प्रक्षेपणात पाहिले.

१४/ महाराष्ट्रातही हा नियम गाजला. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात टी-ट्वेंटी सामना होता. अखेरच्या षटकात मुंबईच्या शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर चेंडू लागला. ते ५३ धावा करून परतले. क्षेत्ररक्षणात त्यांच्या जागी हर्षित राणा आले आणि त्यांनी ३ बळी घेतले. भारत १५ धावांनी जिंकला. अष्टपैलूच्या जागी निखळ वेगवान गोलंदाज हा 'तसाच' बदली खेळाडू कसा, असा आक्षेप इंग्लंडचे कर्णधार जॉस बटलर यांनी घेतला. आक्षेप योग्यतेचा होता. मार लागलेल्या खेळाडूला बाहेर ठेवावे की नाही, हा वादाचा विषयच उरला नव्हता. १९६२ पासूनचा हा मोठा पल्ला होता.

१५/ पण गहुंजेला डॉक्टर होते, सामनाधिकारी होते, प्रत्येक चेंडूचे चित्रण होते. भारतातील बहुतेक खेळ या व्यवस्थेबाहेर खेळला जातो. धाराशिव जिल्हा त्याचे चांगले उदाहरण. हा खो-खोचा जिल्हा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. शाळेची पटांगणे, तालमी, जत्रेतले कुस्त्यांचे फड ही या यशाची मुळे. तिथे डॉक्टर सहसा नसतो. असतो तो क्रीडाशिक्षक, वस्ताद किंवा पंच.

१६/ या खेळांत डोके कुठे सापडते? खो-खोत खांबाजवळ. सुमारे १२० सेंटीमीटर उंचीच्या त्या खांबाला धरून आक्रमक झेप घेतो. हात निसटला तर डोके खांबावर किंवा जमिनीवर. सूर मारून गडी टिपताना दोघांची टक्कर होते. कबड्डीत पकडीच्या गर्दीत गुडघा कानशिलावर बसतो. कुस्तीत उचलून टाकलेल्या डावात मल्ल मानेवर येतो. आणि मेंदू हलायला डोक्यावरच मार बसावा लागतो असेही नाही. छातीवर बसलेल्या जोरदार धक्क्याने मान हिसडली, तरी पुरते.

१७/ खेळाडू लपवतो, आणि त्याला कारण असते. राज्यस्तरापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळू शकतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. सारिका काळे यांना तुळजापूरला क्रीडा अधिकारीपद मिळाले, तेव्हा जिल्ह्यातील कितीतरी मुलींना खेळातून घर उभे राहू शकते हे दिसले. कोरडवाहू शेतीच्या घरातील मुलीला उपांत्य सामन्यातून बाहेर बसायला सांगणे म्हणजे तिच्या दृष्टीने एक दार बंद करणे. ती "डोकं दुखत नाही" असेच म्हणणार. म्हणून निर्णय तिच्यावर सोडणे हा तिच्यावर अन्याय ठरतो.

१८/ ओळखायचे कसे? बेशुद्ध पडणे ही खूण मानली जाते, पण कन्कशनच्या दहापैकी एकाहूनही कमी प्रसंगांत शुद्ध हरपते. त्यापेक्षा पाहावे ते असे: खेळाडू पडून राहिला, उठायला वेळ लागला, पाय लटपटले, नजर शून्यात गेली, डोके धरून बसला, आपली जागा विसरला, चुकीच्या दिशेला धावला, उलटी झाली. त्याने सांगितलेली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, गरगरणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, "कसंतरीच वाटतंय" असे म्हणणे. कारण नसताना चिडणे किंवा रडू येणे हेही त्यातच येते. यांतील एक गोष्ट दिसली तरी संशय पुरेसा आहे.

१९/ ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स यांनी फुटबॉलपटूंसाठी काही सोपे प्रश्न ठरवले. "तुझे नाव काय" या प्रश्नाचे उत्तर हादरलेला मेंदूही देतो. ताजी आठवण मात्र निसटते. तीच रीत खो-खोला लावता येते: आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा कितवा डाव चालू आहे? शेवटी कोण बाद झाले? मागचा सामना कोणाशी होता? तो आपण जिंकलो का? एक उत्तर चुकले तरी खेळाडू बाहेर. सगळी उत्तरे बरोबर आली, तरी इतर खुणा असतील तर बाहेरच. हे प्रश्न खेळाडूला परत पाठवण्याचा परवाना नव्हेत.

२०/ काही खुणा तातडीच्या असतात: मान दुखणे, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, एकाचे दोन दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, वाढती गुंगी. अशा वेळी मान न हलवता खेळाडूला आहे तिथे ठेवून १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. धाराशिव ते सोलापूर हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. मोठ्या रुग्णालयापर्यंतचा तास-दीड तास लक्षात घेता वाट पाहण्यात वेळ दवडणे परवडत नाही. कांदा फोडून हुंगवणे, तोंडावर पाणी मारून उभे करणे, धरून चालवणे या जुन्या रीती येथे घातक ठरू शकतात.

२१/ तातडीची खूण नसली, तरी त्या दिवशी खेळ संपला आणि डॉक्टरांची तपासणी हवी. पहिले २४ तास खेळाडूला एकटे सोडू नये. धाराशिवमध्ये या सूचनेला वेगळा अर्थ आहे. ऊसतोडीच्या हंगामात अनेक घरांतील आईवडील परजिल्ह्यात असतात. मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहतात. मूल रात्री दोनदा ओकले, सकाळी ओळख पटेना, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? म्हणून शिक्षकाने घरी किंवा अधीक्षकांकडे स्वतः निरोप पोचवणे, शक्यतो कागदावर लिहून देणे, हा उपचाराचाच भाग आहे. मुलाच्या हाती तोंडी निरोप देऊ नये. विसरणे हे या इजेचे लक्षणच आहे.

२२/ विश्रांतीविषयीचा सल्लाही इतिहासात बदलला. पूर्वी लक्षणे जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा असे सांगत. ॲमस्टरडॅमच्या परिषदेने पहिल्या एक-दोन दिवसांची सापेक्ष विश्रांती, मोबाइलचा पडदा कमी, आणि त्यानंतर चालण्यासारखी हलकी हालचाल असा क्रम दिला. आधी वर्ग, मग मैदान. ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये तळागाळातील सर्व खेळांसाठी एकच मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार स्पर्धेत परतण्यास किमान २१ दिवस जावे लागतात, आणि डोक्याला धोका असलेला सराव सुरू करण्यापूर्वी सलग १४ दिवस लक्षणे नसावी लागतात.

२३/ एवढी घाई टाळायची कशासाठी? सावरत असलेल्या मेंदूला दुसरा हादरा बसला, तर तो पहिल्याहून हलका असूनही भारी पडतो. क्वचित प्रसंगी, विशेषतः किशोरवयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही ओढवतो. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बीच्या एकाच सामन्यात वारंवार मार लागूनही खेळत राहिला आणि दगावला. त्याच्या पालकांच्या प्रयत्नांनी ब्रिटनमधील जागृतीला मोठा जोर मिळाला. 'संशय असेल तर बाहेर बसवा' हे घोषवाक्य तिथे शाळाशाळांत पोचले.

२४/ खेळाचे नियम माणसेच लिहितात. गावोगावी वेगवेगळ्या रीतीने चालणाऱ्या खो-खोला १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने लिखित नियम दिले आणि त्यातून आजचा खेळ घडला. खो-खोत ९ गडी मैदानात आणि बाकीचे राखीव, कबड्डीत ७ मैदानात आणि बाकीचे राखीव. म्हणजे हादरलेल्याला बसवले तरी संघ मोडत नाही. तालुका स्पर्धेच्या माहितीपत्रकात दोन ओळी पुरतील: डोक्याला मार लागल्याचा संशय आल्यास सरपंचाने खेळाडूला त्या दिवसापुरते बाहेर काढावे, आणि त्याचे नाव गुणपत्रकावर 'दुखापत' अशा नोंदीसह लिहावे.

२५/ ती नोंद महत्त्वाची. तिच्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मैदानावरील पंचालाही कळेल की ही मुलगी अजून सावरते आहे. तिच्यामुळे बाहेर बसणे ही माघार ठरणार नाही, कारण निर्णय तिचा नव्हताच. आणि प्रमाणपत्रावर तिचे नाव संघासोबत राहील अशी तरतूद आयोजकांनी केली, तर लपवण्याचे मोठे कारणच उरणार नाही. रमण लांबा तंबूकडे चालत गेले तेव्हा त्यांना काय झाले आहे, हे आजूबाजूच्या कोणाला कळण्यासारखे नव्हते. आज शाळेच्या पटांगणावर शिट्टी हातात असलेल्या शिक्षकाला ते कळू शकते. त्यासाठी लागते एक पानभर माहिती आणि सामना क्षणभर थांबवण्याची तयारी.